तिसरा रकाना

नरसम्माला स्वप्नात आधी कळतं
असं अख्खी साखर पेठ म्हणते.
विडीचं पान कातरता कातरता ती सांगते
कुणाकडे फोन वाजणार, कुणाचं पोर जिन्यावरून पडणार.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
रकाने आखल्याशिवाय मला काही सुचत नाही.
म्हणून दोनशे पानी वही घेतली :
तारीख, काय दिसलं, काय झालं.
"लिही की," नरसम्मा म्हणाली, "मी काय भितेय व्हय?"

गड्ड्याच्या जत्रेपासून नागपंचमीपर्यंत
त्रेसष्ट स्वप्नं.
विहिरीत म्हैस पडली. काही नाही.
दात पडला. काही नाही.
सत्यमच्या रिक्षाला आग.
रिक्षा अजून विजापूर वेशीत उभी असते,
सत्यम सुट्ट्या पैशांवरून भांडतो.
एकदा तळ्यात पांढरी चादर तरंगताना दिसली
आणि तिसऱ्या दिवशी समोरचे इराबत्ती मास्तर गेले.

मास्तर एक्याण्णव वर्षांचे होते.
पण गल्लीला तेवढी एकच ओळ पाठ आहे,
उरलेल्या बासष्ट कुणी विचारत नाही.
मागावर दिवसभर धागे तुटतात.
ज्याच्याकडे बघत होतो नेमका तोच तुटला,
एवढंच माणूस घरी येऊन सांगतो.

हे सगळं तिला वाचून दाखवायला गेले.
तिनं कडक भाकरी मोडून पुढं ठेवली, वर शेंगाची चटणी.
म्हणाली, एक राहिलंय तुझं लिहायचं.
तेव्हा वही नव्हती तुझी.
तुझा भाऊ गेला त्या रात्री
माझ्या दारात उभा होता.
पाणी मागत होता.

त्या रात्री मी गाढ झोपले होते.
स्वप्न नाही, दचकणं नाही,
पापणीसुद्धा फडफडली नाही.
पहाटे होटगी रोडच्या दवाखान्यातून फोन आला
तो मी गजर समजून आधी बंद केला.
एका ताटात जेवलेलो आम्ही.
कुणाला कळायचंच असतं
तर मला कळलं असतं.
हा माझा पुरावा.
खोटा ठरला तर चालेल मला.

"मग दिलंस का पाणी?"

नरसम्मानं विडीचं तोंड दुमडलं,
दोरा दोनदा फिरवला.
उत्तर द्यायला तिला जरा उशीर झाला.
तो उशीर मी पाहिला.
"दिलं की," म्हणाली, "तांब्याभर."

मी वही मांडीखाली सरकवली
आणि भाकरी खाल्ली.