काचबिंदू

इदवलनं आरशाच्या कडेवर बटर पेपर ठेवला,
शिसपेन आडवी धरून घासली
आणि टवका उमटला,
लहानपणी आम्ही नाण्यावर कागद ठेवून काढायचो तसा.
"घे. हा तुझ्या मशीनला खायला घाल."

सेंट असाफ. वेल्समधलं गाव,
कॅथीड्रल आहे म्हणून याला शहर म्हणायचं.
खिडकीखाली एल्वी नदी,
पलीकडे पाठीवर निळी खूण मारलेल्या मेंढ्या.
मी पट्टी लावून तेवीस बिंदू मोजले,
एक्स, वाय, एक्स, वाय,
साध्या फाईलीत एकाखाली एक,
पाढे लिहावेत तसे.

सॉफ्टवेअरनं फाईल मुकाट्यानं घेतली.
दहा हजार किरण सोडले,
एकशे बारा अडले, असं कळवलं.
पण चित्रात आरसा अख्खा!
दुकानातून आत्ताच आणलेल्या ताटासारखा.
किरण कडेपाशी येऊन हवेतच संपत होते.

"हिशोबात धरलंय ना?" फिलिपा दारातूनच म्हणाली,
"मग झालं. चित्र काय, शोभेचं."
इदवल खुर्चीतून हलला नाही.
"हिशोब तुम्ही वाचता. गिऱ्हाईक चित्र बघतं.
माझ्या हातून उडालाय. दिसला पाहिजे."

दीड दिवस गेला त्यात.
छेद घेतला तर टवका छेदात येईना,
मग सगळा आरसा एक्केचाळीस अंश फिरवला.
तीन मेनू खाली, एका चौकटीत
बरोबरची खूण करायची राहिली होती. ती केली.
छिद्र म्हणजे जिथून जाता येतं,
झाकोळ म्हणजे जिथून येत नाही.
बिंदू तेच, फक्त एक शब्द बदलायचा,
आणि मी नेमका उलटा निवडला:
आरसा सगळा काळा,
उजेड फक्त टवक्यातून.
इदवल खो खो हसला,
"बायकोचं माझ्याबद्दल हेच मत आहे."

दुरुस्त केलं. टवका दिसला.
मधे दुय्यम आरशाची गोल सावली,
तिला धरणारे तीन हात,
आणि कडेला, चार वाजल्याच्या जागी,
उंदरानं कुरतडल्यासारखं ते.
तो बराच वेळ बघत राहिला.
मग कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला.
रिलच्या दवाखान्यातला. डावा डोळा.
राखाडी ठिपके, कडेकडे काळे होत गेलेले.
"हा पण घाल."

मी म्हटलं, आमच्याकडे याला काचबिंदू म्हणतात.
"म्हणजे?"
काच म्हणजे काच. बिंदू म्हणजे पॉइंट.
"काचेतून उजेड एका बिंदूवर आणायचा.
चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी?"

कसं सांगू त्याला, की दोन्ही टवके एक नव्हेत.
आरशातला टवका आकाशात भोक पाडत नाही.
एकही तारा जात नाही त्यानं,
प्रत्येकाच्या उजेडातून थोडं थोडं कमी होतं,
सगळ्यांची वर्गणी सारखी.
डोळ्यातला टवका वर्गणी मागत नाही.
एकाच घरावर दरोडा घालतो,
आणि मेंदू तिथे रातोरात
भिंत रंगवून ठेवतो.
चित्र अख्खं. तीच ती चौकट,
खूण न केलेली.

हे मी बोलले नाही.
फाईल केली मात्र, नाव दिलं "इदवल डावा".
कुठल्याच पृष्ठभागाला जोडली नाही.

हल्ली संध्याकाळी मीच त्याला घरी सोडते.
रस्त्यावर पांढऱ्या अक्षरांत 'आरव' लिहिलेलं असतं,
त्यांच्या भाषेत हळू,
माझ्या भाषेत आवाज.
मी गाडी हळू करते आणि आवाज करते:
डावीकडे कुंपण. डावीकडे सायकलवाली मुलगी.
डावीकडे मेंढी, एकटी, अगदी कडेला.

"हं," तो म्हणतो, समोर बघत,
"दिसली."