चोवीस तासांची आठवण

रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब.
डोळा लावून खिडकीकडे धरायचं.
वर निळं, खाली पांढरं,
मधली रेघ जिथे थांबेल तेवढी गोडी.
नऊ पूर्णांक आठ. झाड क्रमांक एकशे बारा, आंबे बहार.

मग आंबटपणा. ब्युरेटची तोटी
हलक्या हाताने, थेंब थेंब,
रस गुलाबी होऊन गुलाबीच राहीपर्यंत.
या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे चव,
असं आमच्या अहवालात असतं.

फाटकावरचे अय्यूबमामा
चव-चाचणीला पंधरा वर्षं बसतात.
फोड गालात धरून ठेवतात, आकडा काही देत नाहीत.
"ही जावयाला द्यायची," म्हणतात,
"अन् ही, जावई गेल्यावर आपण खायची."
तसा रकाना माझ्याकडे नाही.

रोपवाटिकेत एका बीला तीन कोंब आलेत.
दोन जोमदार. ते म्हणजे आईच, पुन्हा एकदा,
परागाची त्यांना खबरही नाही.
तिसरा मरतुकडा, पान मुरडलेलं.
नर्सरीवाले आधी त्यालाच उपटतात
आणि आम्ही नेमके त्यालाच शोधत असतो,
कारण बहुधा त्या एकट्यालाच बाप असतो,
नवं काही निघालं तर त्याच्यातूनच.
त्याला वेगळी पिशवी, पत्र्याच्या पट्टीवर नंबर.
फळ धरायला सात-आठ वर्षं.
कडवट निघालं तर सरपण.

यंदा बियांच्या जोडीला माणसंही दिलीत मला.
आहार सर्वेक्षण. बदनापूरच्या पुढे,
दुधनेच्या अंगाची चार गावं, साठ घरं.
प्रश्न एकच, फिरवून फिरवून :
काल सकाळपासून आज सकाळपर्यंत
काय काय खाल्लं?

एकविसाव्या घरी कडूबाई.
नावाकडे माझा पेन थांबला तर म्हणाली,
"मह्या आधीची दोन गेली. मंग मला कडू म्हनले.
कडू कोन नेतंय?"

चहा. भाकर, रात्रीची.
पुन्हा चहा, नातवाच्या पुड्यातलं अर्धं बिस्कीट.
दुपारी पोळी, तुरीचं वरण, तेलातली चटणी.
किती वाटी? माझी वाटी तिने हातात घेऊन पाहिली,
"येवढीशी वाटी आमच्यात देवाफुडं ठिवत्यात."
तिसरा चहा. संध्याकाळी भात, वरण उरलेलं.

"फळ?"

ती माझ्याकडे बघत राहिली.
मागच्या दाराबाहेर चारशे झाडं,
फांद्यांना बांबूंचे टेकू,
दुपारचा वास ओट्यापर्यंत आलेला.

"फळ? नाई बाई.
घरात कोनी आजारी नव्हतं."

मी शून्य लिहिलं. ग्रॅमच्या रकान्यात
शून्य फार गोल येतं.

"मालक दवाखान्यात व्हते तव्हा खाल्ली की.
जालन्याला, गाड्यावरून, साठ रुपयाला सा.
आपल्याच बागंतली असतील, काय सांगावं.
डागदर म्हनला रस द्या.
त्यायनी दोन घोट घेतला, उरलेला म्या पेले.
गोड व्हता.
तव्हा गोड म्हनायची लाज वाटली."

हे कुठे लिहावं कळेना.
मी फॉर्म उलटा केला, पाठ कोरी होती, तिथे लिहिलं,
वरिष्ठ विचारतील.

उठले तर ती मागे गेली, पदरात एक घेऊन आली,
सालीला विळा न लावता अंगठ्याने फोडली,
अर्धी माझ्या हातावर.
अर्धी स्वतः खाल्ली, उभ्या-उभ्या,
बिया तळहातावर गोळा करत.
हनुवटीवरून ओघळलेलं पुसलं नाही.
गोडी अकराच्या वर असावी. मी मोजली नाही.

"आता हे बी लिवा," म्हणाली.

मावशी, हे आजचं झालं.
फॉर्म फक्त कालचं विचारतो.

तिने बिया माझ्या पिशवीत टाकल्या.
"मंग उद्या या."