दीड सेकंद

मृणाली कुबल उजव्या खुर्चीत बसते, मी डाव्या.
एकोणीस वर्षांत विमानं बदलली,
माझी बाजू नाही.

त्या संध्याकाळी चिपीचा सडा ढगाखालून एकदम निघाला,
तांबडा, भिजलेला,
टोकाशी कापल्यासारखा, आणि खाली समुद्र.
वारा पाठीमागून.
माझा हात पॉवरवर आणि डोकं पुढे कुठेतरी:
परतीचे प्रवासी, ड्यूटीचे तास, मुंबईची रांग.

"स्पीड," ती म्हणाली.
मी "चेक" म्हणालो. म्हणजे ऐकलं.
म्हणजे ऐकलं नाही.

"सर, स्पीड."

त्या 'सर'ला दीड सेकंद लागतो.
नंतर मी घड्याळ लावून मोजलाय,
आधीचा आवंढा धरून.
आमच्या वेगाला दीड सेकंदात
शंभर मीटर जमीन मागे पडते,
आणि सड्यावर जमीन मोजून दिलेली.

मग तिसऱ्यांदा. सर नाही, आवाज चढलेला नाही,
तव्यावरची भाकरी उलट म्हणून सांगावं तसं:
"गो अराउंड."

माझ्या आधी माझ्या हातानं ऐकलं.
नाक वर, चाकं आत,
निवतीचे खडक पंखाखालून फेसासकट सरकले.
मागे कुणाचं तरी पोर रडत होतं,
पुढे आम्ही फक्त आकडे बोललो.

सव्वीस वर्षांचा असताना
एका कॅप्टननं मला सांगितलं होतं,
हात मांडीवर ठेव, बाळ, आणि बघ.
ठेवले. बघितलं:
वेग जास्त, उंची जास्त, धावपट्टी अर्धी सरलेली.
जळक्या ब्रेकचा वास शिडी उतरेपर्यंत नाकात.
त्यांनी रुमालानं चष्मा पुसला. "बघितलंस?"
"हो सर."
त्या दिवशी काहीच झालं नाही.
म्हणून तर इतकी वर्षं मी काही शिकलो नाही.

दुसऱ्या खेपेला विमान तिच्याकडे दिलं.
हात मांडीवर ठेवणं इतकं जड असतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
तिनं टेकवलं, जरा आपटूनच.
"जोरात बसलं," मी म्हणालो.
"मे महिन्यातल्या तुमच्याहून हळू, सर."

वाऱ्यानं परतीचं उड्डाण रद्द झालं.
रात्री तिच्या घरी जेवलो, बंदराला लागून.
तिचा बाप तांडेल. गुडघे गेलेत, होडी भावाकडे.
त्याला सगळं सांगितलं, माझी चूक थोडी बारीक करून.
त्यानं ओळखलं असावं. सुरमईचा काटा काढत म्हणाला,
"नाळीर उभो ऱ्हवता तो पोर आराडलो
की सुकाणू फिरवचा.
कोण आराडलो, ता मगे बघूचा."
"आणि पोर चुकला तर?"
"चुकलो तर काय... जरा लांबसून जावचा.
डिझेल जाता."

मृणाली मान खाली घालून भात कालवत होती.
नाळीवरचा पोर कोण होता, विचारावंसं वाटलं.
विचारलं नाही.

कंपनीच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो, दोन ओळींचा.
'पाठवारा' लिहिलं. खोडलं.
'वेग जास्त, माझा' लिहिलं.
इंधनाच्या रकान्यात
दीडशे किलो.