आडनाव : नदीकर

आमच्या काठावर पेरू.
समोर, जिथे रात्री वीज लुकलुकते, ते कोलंबिया.
खाली, वळणापलीकडे, ब्राझील.
असं मास्तर सांगतात. नदी सांगत नाही.
परदेश म्हणजे आमच्यासाठी
तासभर वल्हवण्याइतका लांब,
आणि तरी मी कधी गेलो नव्हतो.

मामाच्या होडीमागे ते दोरीला बांधलं होतं.
अब्दियास मामाने त्याच्या आईला भाला मारला तेव्हा
ते तिच्या अंगाला चिकटून होतं, म्हणाला तो,
आणि मग मांसाचे वाटे करायला बसला.
पाणगायीचं वासरू :
माझ्या कमरेला लागेल एवढं, जुन्या टायरच्या रंगाचं,
पोटावर एक पांढरा डाग, कुणी दूध सांडल्यासारखा.
नाकपुड्या उघडायच्या, मिटायच्या,
झाकणं लावल्यासारख्या. फुस्स.
मग बराच वेळ काहीच नाही.

"उद्या बोटीवरचा माणूस येऊन घेऊन जाईल."
"कशाला?"
"टाकीत ठेवायला. लोक बघायला येतात."

सुलमित माझ्याहून तीन वर्षांनी मोठी,
आणि ठरवून झाल्यावर सांगणारी.
मध्यरात्री तिने माझा पायाचा अंगठा ओढला.
"ऊठ. परदेशी जायचंय."

दोन ओले टॉवेल, बाबांचा शर्ट, तीन उकडलेली केळी,
सुरी. एवढंच सामान.
दोरी कापताना तिने श्वास रोखला,
मीही रोखला. वासराने रोखलेलाच होता.

बाबांच्या होडीत मी त्याला मांडीवर घेऊन बसलो.
दर शंभर आकड्यांना तुंब्याने पाणी ओतायचं.
त्र्याण्णवपर्यंत मोजलं की ते हलायचं,
नाक माझ्या काखेत खुपसायचं.
गुदगुल्या! मी खिदळलो, सुलमितने वल्हं आपटलं.
पुन्हा काख. पुन्हा.
मग ती हळूच म्हणाली,
"पाणगायीचे सड तिथेच असतात. काखेत."
त्यानंतर मला हसू आलं नाही.
मी हात जरा वर धरून ठेवला, तेवढंच.

मधल्या धारेत एक अख्खं झाड वाहत आलं, मुळांसकट,
त्यावर एक बगळा, तिकीट काढल्यासारखा निवांत.
होडी गरकन फिरली. वल्हं गेलं.
आणि अंधारातून पेके-पेके-पेके...
प्रत्येक इंजिनाचा खोकला वेगळा असतो.
हा मामाचा होता.

त्याने टॉर्च आमच्यावर नाही,
वासरावर धरला. बराच वेळ.
काखेत खुपसलेलं नाक पाहिलं.
आता बोलणी बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या.
त्याने दोर फेकला.
कुठल्या काठाला नेतोय, विचारायची हिंमत नव्हती;
मी दिवे मोजत राहिलो.
दिवे मोठे होत गेले.

धक्क्यावर पोलीस, अर्धा झोपेत, वही उघडून :
"किती जण?"
"चार."
"कागदपत्रं?"
सुलमितने टॉवेल उचलला. फुस्स.
पोलीस दोन पावलं मागे.
"याचं... नाव?"
"अजून नाही."
"आडनाव?"
"नदीकर," ती म्हणाली, इतकं ठासून
की त्याने लिहिलं.

टेकडीवरच्या केंद्रात योलिमाबाई,
डोळे चोळत चोळतच बाटली तयार करणाऱ्या.
वासराशी तिकुना भाषेत, आमच्याशी स्पॅनिशमध्ये.
फॉर्म भरताना विचारलं : "आई कशी गेली?"
मी सुलमितकडे पाहिलं, तिने माझ्याकडे.
मामा दारातच उभा होता, चिखलाचे पाय आत न घालता.
"मी," तो म्हणाला.
एवढाच शब्द. योलिमाबाईंनी तो लिहून घेतला,
आणि त्याच्याकडे खुर्ची सरकवली.
तो बसला नाही.

परतताना उजाडलं.
मामाने इंजिन सुलमितच्या हाती दिलं.
पाठीमागे परदेश लहान होत होता.
माझ्या डोक्यात आकडे अजून चालूच होते.
त्र्याण्णव आले,
आणि माझा हात आपोआप वर झाला.