उरलेल्या चुका

निकानोर लेदेस्मा तोंडात चुका धरून काम करतो.
बारीक निळसर खिळे,
आपल्याकडे सुतार ज्यांना चुका म्हणतात तसले.
जिभेनं एकेक पुढे सरकवायची,
हातोडीच्या चुंबकी टोकाला चिकटवायची, ठोकायची.
चाळीस वर्षं तो असा गप्प आहे.
बायको म्हणायची, तुझ्याशी भांडायचं तरी कधी.

व्हिला क्रेस्पोत त्याचं दुकान,
आणि ब्यूनस आयर्स हे असं शहर
जिथे दर दोन गल्ल्यांआड कुणीतरी आडवं पडून
छताला आपलं लहानपण सांगत असतं.
त्याच्याकडे खुर्च्या कमी येतात, दिवाणच जास्त.
डोकं टेकतं तिथे कापड आधी विरतं, मग टाचांपाशी.
मधला भाग वर्षानुवर्षं कोरा.
बोलणारा माणूस मधून हलका असतो, असं त्याचं मत.

उसवताना सापडतं.
बैठक आणि पाठ यांच्या फटीत हात कोपरापर्यंत जातो,
बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर:
केसांची पिन, बंद पडलेल्या चलनाची नाणी,
दुधाचा दात, एकदा तर कुठल्याशा घराची किल्ली.
सुरुवातीला तो सगळं लिफाफ्यात घालून परत द्यायचा.
डॉक्टरीणबाई पेर्ला शुस्तेर म्हणाल्या,
कुणाचं ते मला विचारता येणार नाही, लेदेस्मा,
आणि त्यांनाही सांगता येणार नाही.
ठेवा तुमच्याकडे.
तेव्हापासून बिस्किटांचा पत्र्याचा डबा. आता तिसरा.

लोक तिथे अर्थ शोधायला जातात म्हणे.
डब्यात आहे की अर्थ, खुळखुळतो,
फक्त त्यात आता पाव येत नाही.

ऑगस्टच्या शेवटी, सान्ता रोसाचं वादळ
येणार येणार म्हणून रस्ते कुबट झालेले,
त्यानं बाईंचा दिवाण चौथ्या मजल्यावर परत चढवला.
शेवटची कड तिथेच ठोकायची होती.
ठोकून झाली. सात चुका उरल्या तोंडात.
बाई म्हणाल्या, पडून बघा जरा, मला कुरकुर नको.
स्प्रिंगची म्हणते. माणसांची चालते.

तो पडला. बूट काढून, टोपी पोटावर ठेवून.
बाई मागच्या खुर्चीत बसल्या, सवयीनं.
छताला ओलीचा एक डाग होता,
इतक्या जणांनी पाहून पाहून
जुना झालेला.

मग त्यानं चुका तळहातावर थुंकल्या
आणि म्हणाला, घोडी.

करडी होती. चास्कोमूसला, तळ्याकाठी.
बापानं विकली तेव्हा मी सात वर्षांचा.
घेणारा दात बघेना, शेपटीच बघत होता,
मुठीत धरून, वजन केल्यासारखी.
मला गंमत वाटली. हसलो पण मी.

बाई, या गावातल्या सगळ्या जुन्या दिवाणांत
घोड्याचे केस भरलेले आहेत.
मी पिंजतो ते. रोज.
करडा लागला की बाजूला काढतो.
का, तर रंग दिसेल म्हणून.
पण वर कापड असतं.
रंग कुणाला दिसणार होता?

खाली बस थांबली, निघाली.
बाईंनी काही विचारलं नाही.
बहुधा त्यांच्याही धंद्यात
तोंडात काहीतरी धरूनच बसावं लागतं.

उठून त्यानं टोपी घातली,
मजुरी ठरली होती त्यातली थोडी
आपणहून कमी केली, कारण न देता.
लिफ्ट बंद होती. जिन्यात दिव्याखाली मूठ उघडली.
मोजल्या. तो नेहमी मोजतो.
सहा.

गिळली असेल.
नाहीतर असेल तिथेच, फटीत,
उद्या कुणाच्या तरी कमरेखाली जरा टोचत,
आणि तो माणूस वाक्य अर्धं सोडून म्हणेल,
काहीतरी आहे इथे,
काय ते सांगता येत नाही.