बेचाळिसावी काच

स्टेडियमच्या डाव्या भिंतीला खेटून
पिरोश्काबाईंचं खाऱ्या शेंगदाण्यांचं दुकान.
टीम ओहायो सोडून गेली
त्याला एकोणीस वर्षं झाली.
दिव्यांच्या खांबांवर आता ससाणे राहतात.

दाराच्या चौकटीवर नवऱ्याच्या पेन्सिलीच्या रेघा :
भिंतीवरून आलेल्या चेंडूंनी फोडलेल्या काचा.
एकेचाळीस.
प्रत्येकीपुढे तारीख, मारणाऱ्याचं नाव,
आधी आधी रागानं गिरवलेलं,
पुढे पुढे अक्षर सुधारत गेलेलं.

बेचाळिसावी काच शाबूत आहे.
बाई ती रोज पुसतात,
जरा नाराजीनंच.

शुक्रवारी पाडकामावरचा एक पोरगा आला,
हेल्मेट काखेत, भुवयांवर सिमेंट.
एक पुडी द्या म्हणाला.
बाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं,
"स्कोअर काय?"

पोरगा थबकला.
मागे वळून धुळीकडे बघितलं,
बोटांवर काहीतरी मोजलं.
"तीन स्टँड पडले. एक उरलाय."

"म्हणजे अजून आहे थोडा वेळ,"
बाई म्हणाल्या,
आणि भट्टीत
आणखी एक मापटं ओतलं.