पालथी वाटी

देबार्कच्या वर, जिथे रस्ता संपून सातूची शेतं लागतात,
तिथे माझा पहिलीचा वर्ग.
चौऱ्याहत्तर मुलं, चौदा पुस्तकं.
भागाकार सोपा आहे:
एका पुस्तकाभोवती पाच जण, कुठे सहा,
आणि मातीच्या ओट्यावर मधोमध पुस्तक,
शेकोटीसारखं.

आमच्या लिपीत ‘बॅ’ म्हणजे एक कमान,
दोन्ही पाय जमिनीवर टेकलेली.
‘हा’ म्हणजे तीच कमान, आभाळाकडे तोंड केलेली.
मी शिकवते, हे बघा दार. दाराला आपण बॅर म्हणतो ना,
त्यातला हा पहिला बॅ.
मुलं म्हणतात, नाही टीचर, ही पालथी वाटी
आणि ती उताणी.
म्हणू देत. वाटी घरोघरी असते,
दाराच्या जागी पुष्कळांकडे पोतं.

एन्येव दोन्हींत चुकायचा.
बॅ दाखवला की हा, हा दाखवला की बॅ.
आणि चाचरत नाही, खणखणीत आवाजात,
वर माझ्याकडे बघत, शाबासकीची वाट पाहत.
ती आली नाही की गाबी नाकापर्यंत ओढून घ्यायचा.

मुख्याध्यापक मेकुरिया म्हणाले,
काही घडे पालथेच असतात, बाई.
पाणी कशाला वाया घालवता?
मी मान डोलावली.
हे लिहून ठेवते आहे,
कारण मी मान डोलावली.

मग एका गुरुवारी
उतारावर माकडांचा कळप आला, गवत उपटत,
आणि सगळा वर्ग खिडकीशी.
मास्तेवाल, जी पुस्तक धरते, तीही गेली.
ओट्यापाशी एन्येव एकटा,
पुढ्यात पुस्तक, त्याच्याकडे डोकं नाही, पाय केलेलं.
त्याचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं,
ओळ संपली की वरच्या ओळीवर.
बेत. बुना. दाबो.
घर, कॉफी, भाकर.
मला वाटलं पाठ केलं असेल.
न शिकवलेलं पान काढलं, मुद्दाम उलटंच ठेवलं.
बाबुर, तो म्हणाला. मग मला विचारलं,
टीचर, बाबुर म्हणजे काय?
रेल्वे त्याने पाहिली नव्हती. मी एकदाच पाहिली आहे.

पुस्तक सरळ करून त्याच्या हातात दिलं
तर त्याने मुकाट्याने पुन्हा फिरवलं,
चुकीच्या पायातला बूट काढावा तसं.

मेंढ्या डोंगरावर सोडून तो उशिरा यायचा.
उशिरा येणाऱ्याला उरलेली जागा,
आणि उरलेली जागा नेहमी समोरची.
पाच महिने मी पाठीमागून फिरत होते,
मास्तेवालच्या खांद्यावरून वाकून शिकवत होते.
त्याच्या बाजूला एकदाही बसले नव्हते.

आता दर पानाला मुलं जागा बदलतात.
गडबड होते, ढकलाढकली होते,
वुबितने दोनदा पान फाडलं.
आणि एन्येव, जो झरझर वाचायचा,
तो आता चिखलातून चालल्यासारखा वाचतो,
एकेक अक्षर उपसून काढत.
काल म्हणाला, टीचर,
मला आधी येत होतं.

यावर काय बोलायचं असतं, 
आमच्या प्रशिक्षणात नव्हतं.

रात्री दिव्याखाली बहिणीचं पत्र काढलं.
तीनदा वाचलेलं, जवळजवळ पाठ.
ते उलटं धरलं, बोट ठेवलं,
उजवीकडून, खालून.
ओठ हलत होते माझे.
नवऱ्याने विचारलं, काय पुटपुटतेस?
थांब जरा, म्हटलं, वाचतेय.
खरं तर अजून
पहिल्याच दाराशी अडले होते.